पहिला कागद : कोठडीतील मृत्यू, चौकशी आणि तपास

‘चौकशी’ आणि ‘तपास’ हे दोन शब्द बोलण्यात आपण जवळजवळ एकाच अर्थाने वापरतो. कायद्याच्या मराठीत मात्र त्यांच्यात मोठे अंतर आहे. अनैसर्गिक मृत्यूची चौकशी म्हणजे तो कसा घडला हे जाणून घेणे. दंडाधिकारी ती करतो, साक्षी नोंदवतो आणि अहवाल लिहून मोकळा होतो. तपास म्हणजे गुन्हा नोंदवून पुरावा गोळा करणे, आरोपीपर्यंत पोहोचणे आणि दोषारोपपत्र न्यायालयात दाखल करणे. हे काम पोलिसांचे. माणूस घरात किंवा रस्त्यावर मेला तर या दोन शब्दांतले अंतर कोणाला फारसे जाणवत नाही. तो पोलिसांच्याच ताब्यात असताना मेला, की सगळा प्रश्न नेमका त्या अंतरात येऊन अडकतो. चौकशी बाहेरचा अधिकारी करू शकतो, तपास मात्र फिरून त्याच खात्याकडे जातो. हे अंतर बुजवण्याचे प्रयत्न गेली दीडशे वर्षे चालू आहेत. त्यांचा इतिहास महाराष्ट्रातील काही प्रकरणांच्या आधाराने तपासून पाहावा, आणि तो मोखाडा तालुक्यातील खोडाळ्यासारख्या टोकाच्या गावातून कसा दिसतो हेही पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पोलिसी छळ ही स्वातंत्र्योत्तर काळातील विकृती आहे, असा एक समज आढळतो. तो खरा नाही. मद्रास इलाख्यात महसूल वसुलीसाठी आणि कबुलीजबाबासाठी होणाऱ्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाने १८५५ मध्ये आपला अहवाल दिला. त्याच सुमारास मुंबई इलाख्यात, म्हणजे खोडाळ्याच्या पूर्वेला ज्याची हद्द लागते त्या नाशिकमध्ये, गुन्नू नावाचा एक संशयित कबुलीसाठी झालेल्या छळानंतर मरण पावला. इतिहासकार अनुपमा राव यांनी या प्रकरणाचा सविस्तर अभ्यास केला आहे. कंपनी सरकारने या प्रकारांचा दोष ‘देशी’ शिपायांच्या स्वभावावर ढकलला. छळ ही जणू पूर्वीच्या राजवटींकडून आलेली सवय आहे आणि नवे कायदे झाले की ती आपोआप जाईल, अशी त्यामागची भूमिका होती.

नवे कायदे झाले, हे खरेच. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३३० ने कबुलीजबाब काढण्यासाठी दुखापत करणे हा सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा ठरवला. दुखापत गंभीर असेल तर कलम ३३१ खाली दहा वर्षांपर्यंत. कायद्याच्या मसुद्यात कलमाखाली उदाहरणे देण्याची जी पद्धत तेव्हा होती, तिच्यानुसार कलम ३३० खाली दिलेले पहिलेच उदाहरण आरोपीला गुन्हा कबूल करायला लावण्यासाठी त्याचा छळ करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचे आहे. काल्पनिक गुन्हेगार म्हणून मसुदाकारांना सर्वप्रथम पोलीसच आठवावा, यातच सारे आले. आजच्या भारतीय न्याय संहितेत ही तरतूद कलम १२० मध्ये आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याने पोलिसांसमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून नाकारली. पण त्याच कायद्याच्या कलम २७ ने एक फट ठेवली: कबुलीतील ज्या भागामुळे एखादी वस्तू हाती लागते, तेवढा भाग ग्राह्य. परिणामी कबुलीसाठी मारण्याची गरज कायद्याने कमी केली, तरी ‘मुद्देमाल काढून दे’ म्हणून मारण्याचे कारण शिल्लक राहिले. चोरीच्या संशयावरून पकडलेल्या गरीब माणसांच्या वाट्याला कोठडीत अधिक मार का येतो, याचे एक उत्तर या फटीत आहे.

तेव्हा छळ हा गुन्हा आहे की नाही, हा वाद १८६० मध्येच संपला होता. उरला तो दुसराच प्रश्न: हा गुन्हा लिहून कोण घेणार?

कोठडीत माणूस मेला की पहिला कागद ठाण्यातच तयार होतो. स्टेशन डायरीतील नोंद, आकस्मिक मृत्यूची खबर, मरणोत्तर पंचनामा, रुग्णालयाला दिलेले पत्र. नंतर येणारा प्रत्येक जण, मग तो डॉक्टर असो, दंडाधिकारी असो, वकील असो वा वार्ताहर, या कागदापासूनच सुरुवात करतो. या कागदांतील भाषा वाङ्मयाच्या अभ्यासकाने एकदा तरी लक्षपूर्वक वाचावी अशी असते. तिच्यात कर्ता क्वचितच सापडतो. इसम ‘मिळून येतो’, जखमा ‘दिसून येतात’, मृत्यू ‘होतो’. आणि या भाषेत एक वाक्य असे आहे की ते प्रांत आणि दशके ओलांडून परत परत येत राहते: ‘तो पळून गेला.’

१९८७ मध्ये ओडिशातील सुंदरगड जिल्ह्यात सुमन बेहेरा या बावीस वर्षांच्या तरुणाचा मृतदेह रेल्वेमार्गावर आढळला. तो रात्री कोठडीतून पळाला आणि गाडीखाली आला, असे पोलिसांचे म्हणणे. त्याची आई नीलाबती बेहेरा यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्र याचिका मानले, पळून जाण्याची कथा फेटाळली आणि मार्च १९९३ मध्ये दीड लाख रुपयांची भरपाई दिली. कोठडीतील मृत्यूबद्दल राज्यसंस्थेने थेट भरपाई द्यावी, हे तत्त्व या निकालाने पक्के झाले. त्याच १९९३ मध्ये तमिळनाडूत राजाकण्णू या आदिवासी मजुराच्या बाबतीतही पोलिसांनी हेच वाक्य वापरले. पुढे ‘जय भीम’ या चित्रपटामुळे ते प्रकरण सर्वदूर पोहोचले.

महाराष्ट्रात हे वाक्य किमान तीनदा ठळकपणे भेटते. घाटकोपर येथील डिसेंबर २००२ च्या बॉम्बस्फोटाच्या संदर्भात परभणीचा अभियंता ख्वाजा युनूस याला अटक झाली. जानेवारी २००३ मध्ये त्याला औरंगाबादकडे नेत असताना पारनेरजवळ जीपला अपघात झाला आणि तो पळून गेला, अशी नोंद पोलिसांनी केली. त्याच्या सहआरोपींनी मात्र त्याला कोठडीत अमानुष मारहाण होताना पाहिल्याचे सांगितले. त्याचा मृतदेह कधीच मिळाला नाही. २०१४ मध्ये वडाळा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातील ॲग्नेलो वाल्दारिस हा तरुण पळून जाताना रेल्वेखाली सापडला, असे सांगण्यात आले. वडिलांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलिसांनी पकडलेला अनिकेत कोथळे ‘पळून गेला’. प्रत्यक्षात कोठडीत मृत्यू झाल्यावर त्याचा देह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळण्यात आल्याचे दोन दिवसांतच उघडकीला आले आणि तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे, म्हणजे सीआयडीकडे गेला. तीस वर्षे, तीन राज्यांच्या भाषा, वेगवेगळी ठाणी, वाक्य तेच. पळून गेलेल्या माणसाचे शवविच्छेदन करता येत नाही आणि रेल्वेखाली सापडलेल्या देहावरील आधीच्या जखमा वेगळ्या काढणे अवघड असते. या वाक्याचे आकर्षण त्यात आहे.

या प्रत्येक प्रकरणात सत्य बाहेर आले ते ठाण्याबाहेरच्या कोणामुळे. ही गोष्ट कायदेमंडळाला आणि न्यायालयांना हळूहळू उमगत गेली. १९८५ मध्ये विधी आयोगाने आपल्या ११३ व्या अहवालात शिफारस केली की, कोठडीत असताना एखाद्याला जखम झाली तर ती पोलिसांनी केली असे गृहीत धरण्याची मुभा न्यायालयाला असावी. ही शिफारस कायद्यात आलीच नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने डिसेंबर १९९३ मध्ये कोठडीतील प्रत्येक मृत्यू चोवीस तासांत कळवण्याचे बंधन घातले आणि १९९५ मध्ये अशा शवविच्छेदनांचे चित्रीकरण करण्यास सांगितले. डी. के. बसू प्रकरणात १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटकेची अकरा पथ्ये घालून दिली: पोलिसांच्या छातीवर नावाची पट्टी, साक्षीदाराच्या सहीचा अटक पंचनामा, नातेवाइकाला खबर, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी. २००५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७६ मध्ये पोटकलम १(अ) आले आणि ते जून २००६ पासून लागू झाले. तोवर कोठडीतील मृत्यूची चौकशी कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे तहसीलदार किंवा प्रांत, करीत असे. मोर्चा असो की सण, रोजच्या बंदोबस्तात ज्या पोलिसांच्या खांद्याला खांदा लावून तो उभा असतो, त्यांचीच चौकशी त्याने करायची. दुरुस्तीने हे काम न्यायदंडाधिकाऱ्याकडे दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ मध्ये ही तरतूद कायम आहे.

या पथ्यांकडे आता खोडाळ्याहून पाहू. जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक लोक आदिवासी आहेत: कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. पावसाळ्यातली शेती आटोपली की यांतील असंख्य कुटुंबे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर भिवंडी, वसई, नाशिककडे जातात. म्हणजे येथील माणूस पोलिसांच्या ताब्यात सापडलाच, तर ते ठाणे मोखाड्याचे असण्यापेक्षा परमुलखातले, त्याला कोणीच ओळखत नाही असे असण्याचा संभव अधिक. बसू निकालातील एक पथ्य नेमके अशाच माणसासाठी आहे: नातेवाईक जिल्ह्याबाहेर राहत असतील तर त्या जिल्ह्यातील विधी साहाय्य संस्थेमार्फत आणि संबंधित पोलीस ठाण्यामार्फत आठ ते बारा तासांत त्यांना तारेने कळवावे. तार भारतात २०१३ मध्ये बंद झाली. पथ्य मात्र पाळले जावे अशीच अपेक्षा आहे, आणि ते पाळले गेले की नाही हे कळण्याचा पहिला पुरावा पुन्हा ठाण्यातीलच नोंदवही. पुढचा टप्पा भाषेचा. पंचनाम्याखाली ‘वाचून दाखविला, बरोबर आहे’ असे छापील वाक्य असते. ज्याच्या घरी वारली किंवा कातकरी बोलली जाते, त्याला ती प्रशासकीय मराठी कितपत समजली, हे त्या वाक्यातून कळत नाही. आणि अखेरचा टप्पा अंतराचा: जिल्ह्याचे ठिकाण पालघर, उच्च न्यायालय मुंबईत. वर सांगितलेल्या बहुतेक प्रकरणांत न्यायाची पहिली हालचाल उच्च वा सर्वोच्च न्यायालयाच्या दारात झाली आहे. ज्याला एका दिवसाची मजुरी बुडवणे परवडत नाही, त्याने ते दार किती वेळा ठोठवावे?

जातिजमातीचा संदर्भ येथे टाळता येणार नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाजांना जन्मतःच संशयित ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण ठाण्यातील नजर गेली नाही. जून १९९८ मध्ये बारामती येथे पोलिसांच्या ताब्यात मरण पावलेला पिन्या हरी काळे पारधी होता. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ने (१९८७) या नजरेचा अनुभव मराठी वाचकासमोर आणला. पंचनाम्यात जो कर्ता गाळला जातो, तो आत्मकथनात परत येतो. म्हणून अशा आत्मकथनांचे वाचन वर्गात केवळ ‘वेदनेचे साहित्य’ या सदरात उरकू नये. सरकारी कागदाच्या शेजारी ठेवायची ती साक्ष आहे.

परंतु न्यायदंडाधिकारी आला म्हणजे प्रश्न सुटला का? याचे उत्तर परभणीने दिले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तेथे संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, बंदला हिंसक वळण लागले आणि पोलिसांनी धरपकड केली. अटक झालेल्यांत कायद्याचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी होते. वय ३५, समाजाने वडार. पोलीस कोठडीनंतर न्यायालयीन कोठडीत असताना १५ डिसेंबर रोजी त्यांचा मृत्यू झाला. या वेळी वाक्य दुसरे होते: ‘छातीत दुखू लागले.’ छत्रपती संभाजीनगर येथे झालेल्या शवविच्छेदनात मृत्यूचे कारण ‘अनेक जखमांनंतरचा शॉक’ असे नोंदवले गेले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधिमंडळात मारहाणीचा आरोप फेटाळला. मार्च २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पोलिसांना जबाबदार धरले. म्हणजे कायद्याने सांगितलेले सारे घडले: बाहेरच्या जिल्ह्यात शवविच्छेदन झाले, न्यायिक चौकशी झाली, तिचा निष्कर्षही स्पष्ट आला. आणि तरीही गुन्हा नोंदला गेला नाही. सोमनाथ यांच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जावे लागले. तेथे त्यांची बाजू मांडताना ॲड. प्रकाश आंबेडकर यांनी नेमका हा मुद्दा उपस्थित केला, की दंडाधिकाऱ्याच्या अहवालानंतर पुढे काय करायचे याविषयी कायदा काहीच सांगत नाही. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने आठवड्याभरात गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जुलै रोजी तेथेही तो आदेश कायम राहिला.

चौकशी आणि तपास यांच्यातील अंतर म्हणतात ते हेच. अहवाल तयार आहे, पण तो कोणाला बांधील करत नाही.

आणि गुन्हा नोंदला, तपास झाला, तरी पुढे आणखी एक दार असते. ख्वाजा युनूस प्रकरणात सीआयडीने चौदा पोलिसांचा सहभाग दाखवला, राज्य सरकारने खटल्याची परवानगी दिली ती चौघांविरुद्ध. उरलेल्यांवर खटला चालवावा ही आईची मागणी उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये अमान्य केली; भरपाई मात्र वीस लाख रुपयांची दिली. चौघांपैकी एक, सचिन वाझे, २००४ मध्ये निलंबित झाले आणि जून २०२० मध्ये सेवेत परत घेतले गेले. २०२१ मध्ये ते बडतर्फ झाले ते अगदीच वेगळ्या प्रकरणात. मृत्यूला वीस वर्षे उलटली तरी खटला निकालापर्यंत पोहोचला नव्हता. बावीस वर्षांच्या अंतराने परभणीच्याच दोन मातांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २००१ ते २०२० या वीस वर्षांत देशात कोठडीतील १,८८८ मृत्यू नोंदले गेले. पोलिसांविरुद्ध गुन्हे ८९३, दोषारोपपत्र दाखल झालेले पोलीस ३५८, शिक्षा झालेले पोलीस २६. नव्या संहितेच्या कलम २१८ ने खटल्याच्या परवानगीबाबत १२० दिवसांत निर्णय घेण्याचे बंधन घातले आहे, निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाईल. ही सुधारणा महत्त्वाची आहे, मात्र नकार देण्याचा अधिकार तिने काढून घेतलेला नाही.

येथे एक आक्षेप विचारात घ्यायला हवा. कोठडीत मरणारा माणूस नेहमीच निरपराध असतो असे नाही, मग त्याच्यासाठी एवढा आटापिटा कशाला? सप्टेंबर २०२४ मध्ये बदलापूरच्या दोन चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराचा आरोपी अक्षय शिंदे मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मरण पावला. अनेक ठिकाणी पेढे वाटले गेले. जानेवारी २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने पाच पोलिसांना मृत्यूस जबाबदार धरले. पुढे मृताच्या आईवडिलांनीच आपल्याला हे प्रकरण चालवायचे नाही असे न्यायालयाला सांगितले. उच्च न्यायालयाने मात्र न्यायमित्र नेमून सुनावणी चालू ठेवली आणि एप्रिलमध्ये विशेष तपास पथकाचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने नंतर त्यात बदल करून पथक नेमण्याचे काम पोलीस महासंचालकांकडे सोपवले. आपल्या विषयाच्या दृष्टीने यातील कळीची बाब आईवडिलांची माघार ही आहे. आजवर ही व्यवस्था आयांच्या चिकाटीवर चालत आली: नीलाबतींचे पत्र, परभणीच्या दोन मातांच्या याचिका. आई थकली, घाबरली किंवा तिच्याजवळ प्रवासखर्च नसला, की प्रकरण मिटते. मृत व्यक्ती कशी होती यावर किंवा तिच्यामागे कोण आहे यावर जर तपास अवलंबून राहणार असेल, तर त्याला कायदा म्हणता येणार नाही. ज्या गुन्ह्याचा आरोप आहे तो सिद्ध करण्याची संधीही अशा मृत्यूने हिरावली जाते, आणि त्या मुलींना न्यायालयाचा निकाल मिळत नाही तो नाहीच.

ही अडचण एकट्या भारताची नाही. दक्षिण आफ्रिकेत १९७१ मध्ये अहमद तिमोल हा शिक्षक जोहान्सबर्गच्या पोलीस मुख्यालयाच्या दहाव्या मजल्यावरून खाली पडून मेला. १९७२ मध्ये दंडाधिकाऱ्याच्या चौकशीने ती आत्महत्या ठरवली. चौकशी रीतसर होती. फक्त ती पोलिसांच्या कागदावर विसंबली. २०१७ मध्ये ती पुन्हा उघडली गेली आणि त्याला ढकलून देण्यात आल्याचा निष्कर्ष न्यायालयाने काढला. पहिला कागद खोडायला पंचेचाळीस वर्षे लागली. दरम्यान त्या देशाने पोलिसांविरुद्धच्या तपासासाठी पोलीस खात्याबाहेरची, स्वतःचे तपासाधिकारी असलेली यंत्रणा उभी केली. आपल्याकडे प्रकाशसिंह प्रकरणातील २००६ च्या निकालानंतर, २०१४ च्या दुरुस्तीने महाराष्ट्रात पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद झाली. पण तक्रार ऐकून शिफारस करणे वेगळे आणि गुन्ह्याचा तपास करणे वेगळे. सीआयडी ठाण्याच्या बाहेरची असली, तरी खात्याच्या आतलीच आहे. ठाण्यांत सीसीटीव्ही लावण्याचा आणि चित्रण किमान वर्षभर जपण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिला; सप्टेंबर २०२५ मध्ये याच विषयाची त्याला पुन्हा स्वतःहून दखल घ्यावी लागली. कॅमेराही ठाण्याच्याच ताब्यात असतो.

स्वतंत्र तपासाची मागणी म्हणजे पोलिसांवरचा सरसकट अविश्वास, असे समजण्याचे कारण नाही. स्वतःच्या पेपराची तपासणी स्वतः करू नये, हा नियम आपण परीक्षकांना लावतो तेव्हा त्यात कोणाचा अपमान मानत नाही. येथे मागणी तीन गोष्टींची आहे. कोठडीत मृत्यू झाल्यास पहिला पंचनामा ठाण्याबाहेरच्या अधिकाऱ्याने लिहावा आणि स्टेशन डायरी व चित्रण त्याच क्षणी त्याच्या ताब्यात जावे. न्यायदंडाधिकाऱ्याच्या अहवालात मृत्यूला कोणी जबाबदार असल्याचे दिसले, तर कोणी याचिका करो न करो, ठरावीक दिवसांत गुन्हा नोंदला जावा. आणि तो तपास पोलीस खात्याला उत्तरदायी नसलेल्या यंत्रणेने करावा. यांपैकी दुसऱ्या गोष्टीसाठी तर नवी संस्थाही लागत नाही. कलम १९६ ला एक पोटकलम जोडले तरी पुरे. ते जोडले जात नाही तोवर खोडाळ्याहून वीटभट्टीवर गेलेल्या एखाद्या माणसाचे कोठडीत काय झाले हे त्याच्या गावाला ज्या कागदातून कळेल, तो कागद त्याला ताब्यात ठेवणाऱ्यांनीच लिहिलेला असेल.